बाळाचं ऑपरेशन झालं, पुढं काय? अतिदक्षता विभागाच्या दारात थांबलेल्या आई-बापाला करता येण्यासारखं बरंच असतं

नवजात बाळाचं ऑपरेशन पार पडतं, डॉक्टर बाहेर येऊन 'झालं, आता वाट बघायची' म्हणतात आणि दार पुन्हा बंद होतं. खानापूर, निपाणी, चंदगड भागातून बेळगावला आलेल्या कुटुंबांची खरी कसोटी इथून सुरू होते. आई बऱ्याचदा दुसऱ्याच दवाखान्यात, सिझेरियनचे टाके घेऊन पडलेली. बाप बाळाच्या दारात. आणि आजी गावाकडून फोनवर विचारतेय, 'बाळ रडलं का?' घशात श्वासाची नळी असलेलं बाळ रडलं तरी आवाज येत नाही, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच ऑपरेशन करावं लागणारे दोष ठरलेले आहेत. अन्ननलिका अर्धवट असणं किंवा श्वासनलिकेला जोडलेली असणं, आतड्याला अडथळा, शौचाची वाट नसणं, छाती-पोटामधल्या पडद्याला भोक, हृदयाचे काही दोष. आईनं ग्रहणात काही चिरलं म्हणून हे होत नाही. तरीही ते बोलणं वॉर्डाच्या बाहेर हमखास ऐकू येतं आणि ते आधी थांबवायला हवं.

आई-बाप म्हणजे भेटायला आलेले पाहुणे नव्हेत, ही गोष्ट आता सरकारी कागदावरही आली आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०१७ मध्ये नवजात बालकांच्या काळजीत कुटुंबाचा सहभाग कसा असावा, याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. हात धुण्यापासून दूध पाजण्यापर्यंतची कामं पालकांना शिकवावीत, असं त्यात आहे. त्या सरकारी नवजात कक्षांसाठी आहेत. खासगी हॉस्पिटलांचे नियम आपापले. म्हणून पहिल्याच दिवशी सिस्टरला विचारावं : आम्ही आत कधी येऊ शकतो आणि आत आल्यावर काय करू शकतो?

पहिल्यांदा आत गेल्यावर छातीत धस्स होतं. बाळ सुजलेलं दिसतं, कारण मोठ्या ऑपरेशननंतर अंगात पाणी साठतं. ते काही दिवसांत उतरतं. तोंडातली नळी श्वासाची, नाकातली बारीक नळी पोटातला स्राव बाहेर काढायची, हातापायाच्या शिरेतली सलाईनची. बाळ हलत नाही, कारण त्याला झोपेचं आणि वेदनेचं औषध चालू असतं. पडद्यावरचे आकडे बघत बसणं हा बापाचा उद्योगच होऊन जातो. यंत्र वाजलं की जीव वर येतो, पण पुष्कळदा पायाला लावलेली पट्टी सरकलेली असते. आकड्याकडं सिस्टर बघतील. बापानं बाळाकडं बघावं.

हात लावायला मिळाला तर कुरवाळू नये. आजारी बाळाला हलका, फिरता स्पर्श सोसत नाही. एक हात डोक्यावर, दुसरा पायांवर, स्थिर आणि उबदार, एवढंच. हळू आवाजात बोलावं. आईचा आवाज बाळ पोटात असल्यापासून ओळखतं. छातीशी घेऊन कांगारूसारखं धरणं डॉक्टर परवानगी देतील तेव्हाच, आणि ते बापालाही करता येतं.

'एवढ्याशा जिवाला काय कळतंय दुखणं' असं ज्यांना अजूनही वाटतं, त्यांनी एक इतिहास जाणून घ्यावा. ऐंशीच्या दशकापर्यंत जगातल्या चांगल्या हॉस्पिटलांतही नवजात बाळांची ऑपरेशनं कित्येकदा अपुऱ्या भुलीवर होत. हे बदललं ते डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांच्या संशोधनानं. ते इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. पुढं ऑक्सफर्डला गेले. वेदनाशामक दिलेल्या बाळांच्या शरीरावर ऑपरेशनचा ताण कमी पडतो, हे त्यांनी १९८७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं. कपाळाला आठ्या, आवळलेल्या मुठी, ताणलेली बोटं ही बाळाची तक्रार असते. ती आईला लवकर दिसते. दिसली की सिस्टरला सांगावं, त्यात भिडस्तपणा नको.

आईचं सगळ्यात मोठं काम दुधाचं, आणि घोळही तिथंच होतो. बाळ पीत नाही म्हणून दूध काढायचं थांबवलं, तर ते आटतं. बाळंतपणानंतर शक्य तितक्या लवकर, पहिल्या काही तासांतच, हातानं किंवा पंपानं काढायला सुरुवात करावी. दर दोन-तीन तासांनी, दिवसातून आठ वेळा, रात्रीसुद्धा. सुरुवातीला चमचाभरही निघत नाही, त्यावरून 'हिला दूधच नाही' असा शेरा मारायची घाई नको. पहिला घट्ट चीक तर सोन्यासारखा जपावा. बाळाचं पोट बंद ठेवलेलं असलं, तरी त्या चिकाचा बोळा तोंडातून फिरवायला काही ठिकाणी देतात. आतडं चालू लागलं की दूध एक-दोन मिलिलिटरपासून सुरू होतं. त्या दिवसांत 'शी झाली' हे वाक्य ऐकून वॉर्डातले लोक एकमेकांना पेढे द्यायला बघतात.

इथंच घरातलं सोयर आडवं येतं. ओल्या बाळंतिणीनं दहा दिवस बाहेर पडू नये म्हणून आईला घरी बसवतात आणि दूध वाळून जातं. पाचवी पुजायची तर घरच्यांनी घरी पुजावी. आई चालण्याइतकी बरी असेल तर तिला बाळाजवळ नेणं बरं. गंडा, अंगारा, काजळ, घुटी, मध यातलं काहीही आत न्यायचं नाही. ताज्या जखमेच्या बाळाला जंतुसंसर्ग हा सगळ्यात मोठा धोका, त्यामुळं अंगठ्या-बांगड्या काढून कोपरापर्यंत हात धुणं हीच मोठी सेवा.

आता पैशाचं. सीमाभागात हा प्रश्न दुप्पट अवघड, कारण बाळ एका राज्याचं आणि हॉस्पिटल दुसऱ्या राज्यात. कर्नाटकात बीपीएल कार्डावर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पीएम-जय कार्ड दुसऱ्या राज्यातल्या नोंदणीकृत हॉस्पिटलातही चालतं. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमेवरच्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, त्यावरून दोन्ही राज्यांत वाजलंही. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार मोफत आहेत. जन्मजात दोषांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही आहे. पण योजनेचं नाव माहीत असून भागत नाही. दाखल होतानाच आरोग्यमित्राला गाठून 'हे ऑपरेशन, हे हॉस्पिटल, हे कार्ड, बसतं का?' एवढं विचारावं. बाळाचं नाव रेशनकार्डावर नसतं, तेव्हा जन्माचा कोणता कागद लागेल तेही. डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग नाही. संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल, तर मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नये. तो पालकांचा हक्क आहे.

एक साधी वही ठेवावी, दुकानातल्या रोजकीर्दीसारखी. तारीख, वजन, किती दूध, डॉक्टर काय म्हणाले, किती पैसे भरले, आणि उद्या काय विचारायचं. पाहुण्यांना खबर द्यायला घरातला एकच माणूस नेमावा, नाहीतर बापाचा अर्धा दिवस फोनवर जातो. आईला झोप लागेना, सारखं रडू येतंय, बाळाला बघायचीच भीती वाटते, असं दिवसेंदिवस चाललं तर तिच्याही डॉक्टरांना सांगावं. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो.

घरी जायच्या आधी शिकून घ्यायचं ते वेगळंच. शौचाची वाट नसलेल्या बाळाला बहुधा आधी पोटावर तात्पुरती वाट करतात, मूळ ऑपरेशन काही महिन्यांनी आणि पोटावरची वाट बंद करणं त्यानंतर. तोवर पिशवी किंवा मऊ सुती कापड बदलणं आई-बापानंच करायचं असतं. सिस्टरच्या देखत दोघांनीही दोन-तीनदा करून बघावं, एकट्या आईवर टाकू नये. पोट फुगणं, दूध न पिणं, ताप, जखम लाल होणं, ओठ निळे पडणं यातलं काहीही दिसलं किंवा हिरवी उलटी झाली, तर सकाळच्या एसटीची वाट बघायची नाही. रात्रीच गाडी करून निघायचं.