आतड्यातले पहारेकरी आणि घरचे जिवाणू

अमळनेर असो की धुळे, पावसाळा लागला की जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढतात. दूषित पाण्यातले थोडेसे जंतूही धडधाकट माणसाला आडवे करतात. मात्र आपल्या शरीरात बारा महिने सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू नांदत असतात आणि त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात असतात. त्यांच्यामुळे आतड्याला सूज का येत नाही?

आतड्याचे अस्तर पेशींच्या एकाच थराचे असते आणि त्या पेशी दर तीन ते पाच दिवसांनी नव्याने तयार होतात. जंतूंची चाहूल घेणारी 'टीएलआर-४' सारखी प्रथिने हे या थराचे पहारेकरी. ते प्रत्येक जिवाणूवर ओरडू लागले, तर आतड्यात कायम दाह राहील. म्हणून त्यांचा आवाज कमी ठेवावा लागतो आणि हे काम जनुकांच्या नियंत्रणातून होते.

शरीरातील जवळपास प्रत्येक पेशीत तीच सुमारे २०,००० जनुके असतात, पण घरातले सगळे दिवे जसे एकाच वेळी लावत नाहीत, तशी सगळी जनुके चालू नसतात. काही जनुकांवर 'मिथाइल' नावाची रासायनिक खूण बसते आणि ती मंदावतात. जपानी संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले, की जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांच्या मोठ्या आतड्यात टीएलआर-४ च्या जनुकावर ही खूण कमी असते, तर नेहमीच्या उंदरांत जास्त. म्हणजे पहारेकऱ्याला शांत ठेवण्यात घरच्या जिवाणूंचाही हात असतो.

२०१३ मध्ये अमेरिकेत 'एचडॅक-३' या विकराचा अभ्यास झाला. हे विकर डीएनएची गुंडाळी घट्ट करून जनुकांवर नियंत्रण ठेवते. उंदरांच्या आतड्यातील पेशींतून ते काढून टाकताच अस्तर कमकुवत झाले आणि दाह वाढला. असे उंदीर जंतुविरहित वातावरणात वाढवले, तेव्हा बरेचसे नुकसान टळले. जिवाणूंना सांभाळून घेणारी व्यवस्था बिघडली होती. उंदरांवरचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचे कोडे सोडवायला त्यांची मदत होते.

यात आहाराचा वाटा मोठा आहे. जिवाणू न पचलेल्या तंतूंपासून 'ब्युटिरेट' तयार करतात. ते मोठ्या आतड्याच्या पेशींचे मुख्य इंधन असून जनुकांच्या नियंत्रणावरही परिणाम करते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या २०१६ मधील अभ्यासात भारतीयांच्या आतड्यात 'प्रिव्होटेला' जिवाणूंचे प्रमाण जास्त आढळले. वनस्पतिजन्य आहाराशी त्यांचा संबंध जोडला जातो. खान्देशातली ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, डाळी आणि वांग्याचे भरीत यांतून असे तंतू मिळतात.

साध्या पाण्यासारख्या जुलाबांत क्षारसंजीवनी आणि लहान मुलांना झिंक हाच मुख्य उपचार. दुकानातून मनाने घेतलेली प्रतिजैविके रोगजंतूंबरोबर घरचे जिवाणूही मारतात. मात्र शौचातून रक्त पडले, तर डॉक्टरांना लगेच दाखवावे. असा त्रास दोन आठवड्यांहून अधिक चालला, वजन घटले किंवा रात्री झोपेतून उठून शौचाला जावे लागले, तर 'आव झाली असेल' म्हणून पुन्हा त्याच गोळ्या घेऊ नयेत. तो आतड्याचा दीर्घकालीन दाह असू शकतो, आणि वेळेत निदान झाले तर तो औषधांनी आटोक्यात ठेवता येतो.