डब्यालाही श्वास हवा

डॉक्टरने स्मरणिकेसाठी लेख लिहायचा म्हटला की एखाद्या विकाराची माहिती मिळेल, अशी वाचकांची अपेक्षा असते. मी मात्र या वेळी कचऱ्याच्या डब्याविषयी लिहिणार आहे. त्यामागचे कारण सांगताना मला आजही थोडे ओशाळल्यासारखे होते.

छातीच्या विकारांवर उपचार करण्यात माझी तीस वर्षे गेली. हैदराबादेत फेब्रुवारी-मार्च म्हणजे पानगळीचे दिवस. दर वर्षी याच सुमारास आमच्या गल्लीतला एक आठ वर्षांचा मुलगा दम लागून माझ्याकडे येत असे. मी उशी, गालिचा, उदबत्ती, पाळीव प्राणी, सगळ्याची चौकशी करून झालो होतो. एकदा त्याची आई घुटमळत म्हणाली, "डॉक्टरसाहेब, रागावू नका, पण सकाळी तुमच्याच फाटकापाशी पाने पेटवतात, तेव्हापासून त्याचा खोकला सुरू होतो."

मी निरुत्तर झालो. एका हाताने श्वासातून घ्यायचे औषध लिहून द्यायचे आणि दुसऱ्या हाताने धूर करायचा, असा हा प्रकार होता. त्या दिवसापासून आमच्या बागेतले पान जाळायचे नाही, असे ठरवले. मग त्या पानांचे करायचे काय? कचरागाडीत दिली, तर शहराच्या ईशान्येला जवाहरनगरच्या डोंगराएवढ्या ढिगात भर पडणार; म्हणजे आपला धूर टळला, तरी तिथल्या रहिवाशांच्या वाट्याला आपली दुर्गंधी जाणार. तेव्हा घरचा कचरा घरीच जिरवावा, असे मनाशी घेतले.

रंगकाम झाल्यावर उरलेली २० लिटरची प्लास्टिकची बादली मी घेतली. भाजीची देठे, फळांच्या साली तिच्यात टाकून झाकण घट्ट लावले. आठव्या दिवशी ते उघडले आणि सौ.ने तो डबा किंवा मी, यांपैकी एकानेच घरात राहावे, असे स्पष्ट सांगितले! नासक्या अंड्यासारखा वास, तळाशी काळे पाणी आणि वळवळत्या अळ्या. आमच्या माळ्याने डब्यात डोकावून एवढेच म्हटले, "गाली कावाली, सार." हवा पाहिजे! आयुष्यभर लोकांच्या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्याला हे माळ्याने सांगावे लागले.

कुजणे दोन प्रकारचे असते. हवा मिळाली, तर सूक्ष्मजीव कचऱ्याचे मातीच्या वासाचे खत करतात. न मिळाली, तर दुसऱ्याच जातीचे जीव माजतात आणि दुर्गंधी सुटते. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला केलेल्या प्रयोगांचे सार हेच होते : थर द्या, ओल राखा, ढीग वरखाली करून हवा द्या. १९३१ साली या विषयावर निघालेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथाचे सहलेखक होते यशवंत वाड. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांनी वरखाली करण्याचेही कष्ट वाचवले. साधारण दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच विटांचे टाके बांधून त्यांनी भिंतींतच झरोके ठेवले. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ही पद्धत 'नाडेप' म्हणून देशभर ओळखली जाते. आपल्या गच्चीवरचा डबा हे त्याच टाक्याचे बाळरूप समजावे.

माझा दुसरा डबा असा तयार झाला. त्याच बादलीच्या बाजूंना चार-चार बोटांच्या अंतरावर आणि तळाला भोके पाडली. ती ड्रिलनेच पाडावीत. तापवलेल्या सळईने प्लास्टिक जाळल्यास धूर पुन्हा आपल्याच छातीत जातो. आतून फाटक्या मच्छरदाणीचे अस्तर लावले. डबा दोन विटांवर ठेवला, तळाशी नारळाच्या करवंट्या आणि वाळक्या काटक्या घातल्या, त्यावर सुकी पाने आणि मूठभर जुने खत. रोजचा ओला कचरा बारीक चिरून टाकायचा आणि त्याच्या दुपटीने सुकी पाने पसरायची. आठवड्यातून दोनदा काठीने हलवायचे. मिश्रण मुठीत दाबल्यावर एखाद-दुसराच थेंब निघावा. जास्त ओल झाली, तर पाने वाढवावीत. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात डबा सावलीत ठेवून पाणी शिंपडावे. पाने साठवायला जुन्या जाळीचा गोल पिंजरा पुरतो. तडा गेलेला माठ किंवा भाजीचा क्रेटही डब्याच्या जागी चालतो. दोन-तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत खत हाती येते.

आता वैद्यकीय पथ्ये. ज्या शहराच्या बेगमपेठेत २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले, त्या शहरात तरी डब्याच्या झाकणावर किंवा खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. डेंग्यूच्या डासाला तेवढे पाणी पुरते. घरच्या लहान डब्यात रोगजंतू हमखास मरतील एवढी, म्हणजे ५५ अंश सेल्सियसच्या वरची उष्णता टिकत नाही. म्हणून कुत्र्या-मांजरांची विष्ठा, मांस-मासळी, तेलकट उष्टे त्यात टाकू नये. औषधे, सुया, पट्ट्या तर मुळीच नाहीत. रसायनांचे पिंप किंवा रुग्णालयातून आलेला डबा, कितीही धुतला तरी, वापरू नये. खत चाळताना बुरशीचे कण उडतात. दम्याच्या आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णांनी हे काम दुसऱ्याकडे सोपवावे. ऑस्ट्रेलियात १९८८-८९ मध्ये कुंड्यांच्या मातीमिश्रणातून लेजिओनेला जातीच्या जंतूंमुळे न्यूमोनिया झाल्याचे आढळले होते. म्हणून खत किंचित ओलसर असताना हाताळावे, तोंडाला मास्क असावा, हात साबणाने धुवावेत आणि धनुर्वाताची लस वेळच्या वेळी घेतलेली असावी.

त्या मुलाचा दमा माझ्या डब्याने बरा झाला, असे मी म्हणणार नाही. दम्याला अनेक कारणे असतात आणि औषध त्याला अजूनही लागते. पण पुढच्या पानगळीत आमच्या फाटकापाशी धूर झाला नाही. त्याची आई एकदा रिकामी बादली घेऊन आली आणि म्हणाली, "भोके किती पाडायची, तेवढे सांगा." तिच्यानंतर गल्लीतली आणखी तीन घरे आली. आज पाने पेटवण्यापूर्वी आमच्याकडे कोणीतरी विचारते, "कुणाला हवी आहेत का?"

मित्रहो, रुग्णाला पथ्य सांगताना आपण त्याच्या घरातली धूळ मोजतो. एकदा आपल्या फाटकाबाहेरही पाहून यावे, एवढीच विनंती. रंगाची रिकामी बादली बहुतेक प्रत्येकाच्या माळ्यावर पडलेली असते. भोके मात्र आठवणीने पाडा.