विद्या आणि तिचा दाखला

विद्या हें धन चोरीस जात नाहीं, असें वडीलधारे सांगत आले आहेत. तें खरेंच आहे. परंतु विद्येचा दाखला मात्र हरवतो. जीव मुठींत धरून घर सोडणारा माणूस मुलेंबाळें उचलतो, हातीं लागेल तो दागिना घेतो. कपाटांतील गुणपत्रक त्या घाईंत कोणास आठवणार? पुढें विद्यापीठाच्या दारांत उभें राहिल्यावर त्या कागदाचें मोल कळतें.

शिक्षण मध्येंच तुटल्याचें दुःख मुंबईनें जवळून पाहिलें आहे. 1947 च्या फाळणीनंतर कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजांतील कांहीं प्राध्यापक येथें निर्वासित होऊन आले. त्यांनीं 1948 सालीं जय हिंद कॉलेज काढलें. आरंभींची जागा म्हणजे सांताक्रूझच्या एका शाळेंतील दोन लहान खोल्या! गुरु आणि त्यांचे निर्वासित शिष्य एकाच संकटांतून आलेले. विद्यार्थ्याची अडचण तेथें निराळी समजावून सांगावी लागत नव्हती.

परक्या देशांत गेलेल्या निर्वासितास असे गुरुजन क्वचितच भेटतात. तेथें कायद्यानें हात दिला पाहिजे. 1951 च्या निर्वासितविषयक जागतिक कराराचें बाविसावें कलम सांगतें कीं, प्राथमिक शाळेच्या पुढील शिक्षण, परदेशी दाखल्यांची मान्यता, फीमाफी व शिष्यवृत्त्या यांबाबत निर्वासितास इतर परदेशीयांहून कमी लेखूं नये. पण दाखलाच नसेल तर मान्यता कशास द्यावयाची? 1997 च्या लिस्बन करारानें याचें उत्तर दिलें: कागद नसला तरी पात्रता न्यायानें व त्वरेनें पारखण्याची रीत राष्ट्रांनीं बसवावी.

अशी एक रीत युरोप परिषदेनें 2017 पासून चालविली आहे. विद्यार्थी आपल्या शिक्षणाची माहिती लिहून देतो, उरलेसुरले कागद जोडतो. मग त्याच्या देशाची शिक्षणपद्धति जाणणारे तज्ज्ञ त्याची मुलाखत घेतात आणि खात्री पटल्यास पांच वर्षें चालणारें पत्र देतात. त्यानें प्रवेश हमखास मिळतो असें नव्हे. पण अर्ज विचारांत घेण्यास आधार मिळतो.

एवढ्यानें काम संपत नाहीं. भाषा, फी आणि निवारा हे प्रश्न उरतातच. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कचेरीच्या 2019 च्या हिशेबाप्रमाणें उच्च शिक्षणांत निर्वासित तरुण शेंकडा 3 होते, तर जगांतील प्रमाण शेंकडा 37 होतें. 2030 पर्यंत हा तीनाचा आंकडा 15 वर नेण्याचा संकल्प आहे. तो सिद्धीस जावयाचा तर विद्यापीठानें दारांतील विद्यार्थ्यास कागद मागण्यापूर्वीं, तो काय शिकला आहे, हें विचारलें पाहिजे.