धाव स्वतःसाठी, बळ घरासाठी

घरात दीर्घकाळ आजारी असलेल्या माणसाची सुश्रूषा करणाऱ्याला ‘थोडा व्यायाम करा’ असा सल्ला दिला, तर त्याच्या मनात पहिला प्रश्न उमटतो, ‘वेळ कुठून आणू?’ हा प्रश्न खोटा नाही. पक्षाघातानंतर माझ्या यजमानांची उजवी बाजू दुबळी झाली, तेव्हा माझे वय ६३ होते. फिजिओथेरपिस्टनी यजमानांना व्यायाम शिकवला आणि निघताना मला विचारले, “आजी, तुम्ही अंथरुणाला खिळलात, तर आजोबांना उठवणार कोण?” केवळ या प्रश्नामुळे मी धावू लागले. धावण्याची आवड मला तेव्हा नव्हती. आजही फारशी आहे असे म्हणवत नाही. तरीही वर्ष पूर्ण झाले. या वर्षात जे हाती लागले, ते आपल्यासारख्यांच्या उपयोगी पडावे.

वेग नव्हे, हसतमुख गती

धावणे म्हणजे धापा टाकणे, ही समजूत प्रथम दूर सारावी. जपानमधील फुकुओका विद्यापीठाचे व्यायामशास्त्रज्ञ हिरोआकी तनाका यांनी ‘निको निको’ गतीचा पुरस्कार केला. ‘निको निको’ म्हणजे हसतमुख. चेहऱ्यावरचे हसू न मावळता, शेजाऱ्याशी बोलता येईल इतक्याच गतीने, लहान लहान पावले टाकीत धावायचे. ही गती भरभर चालण्याहूनही कमी असू शकते. आरंभी मी तीन मिनिटे चालत असे आणि एक मिनिट असे संथ धावत असे. पहिले दोन महिने एवढेच केले. बोलताना वाक्य तुटू लागले, की गती कमी करावी, ही एकच खूणगाठ पुरेशी आहे.

मांड्यांचे बळ आणि तोल

मात्र एकट्या धावण्याने माणूस उचलण्याचे बळ येत नाही. वाढत्या वयात स्नायू झिजत जातात आणि साठीनंतर ही झीज वेग घेते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनानुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. शिवाय निदान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारे आणि निदान तीन दिवस तोल व बळ या दोहोंवर भर देणारे व्यायाम करावेत. हा व्यायाम थोडा थोडा करून केला तरी तो मोजला जातो.

यासाठी घरातली खुर्ची पुरते. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठावे, सावकाश बसावे. असे आठ-दहा वेळा करावे. ओट्याला धरून टाचा उचलाव्यात. ओट्याजवळच एका पायावर काही क्षण उभे राहावे; हात टेकता येईल इतका आधार मात्र जवळ असू द्यावा.

याचा लाभ मला पलंगापाशी जाणवला. यजमानांना उठवताना त्यांना आधी कडेला बसवायचे, त्यांची पावले जमिनीवर टेकवायची, आपण त्यांच्या दुबळ्या बाजूला उभे राहायचे, पाठ न वाकवता गुडघे वाकवायचे आणि जोर मांड्यांवर घ्यायचा. दुबळा हात ओढायचा नाही. ही रीत फिजिओथेरपिस्टनी पहिल्याच आठवड्यात सांगितली होती. ती पेलण्याइतके बळ मांड्यांत यायला चार महिने लागले.

अग्रक्रमांची फेरमांडणी

खरा बदल दिनक्रमात झाला. संध्याकाळी केर दुसऱ्यांदा काढणे थांबले. भाजी आदल्या रात्री चिरून ठेवली जाऊ लागली. समारंभांची निमंत्रणे निवडून स्वीकारली. सकाळची पंचवीस मिनिटे शेजारच्या भाऊंनी यजमानांजवळ बसण्याचे मान्य केले. दोघे मिळून वर्तमानपत्र वाचतात. त्या वेळात यजमानांना नव्या माणसाशी बोलावे लागते, आणि अडखळणाऱ्या वाणीला तोही व्यायामच ठरला.

वर्षारंभी माझ्या वहीत मिनिटे आणि फेऱ्या लिहिलेल्या होत्या. आता तेथे वेगळ्या नोंदी असतात: रात्री झोप लागली का, कंबर दुखली का, दिवसात किती वेळा आवाज चढला. ही शेवटची नोंद मला सर्वांत मोलाची वाटते. धावून आलेल्या दिवशी तो आकडा लहान असतो.

आरंभ करण्यापूर्वी

हृदयविकार, मधुमेह, उच्च रक्तदाब, अस्थिसुषिरता किंवा गुडघेदुखी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय धावू नये. अशांपैकी अनेकांना चालणेच हितकर ठरते. इन्सुलिन अथवा साखर उतरवणारी औषधे घेणाऱ्यांनी व्यायामाची आणि खाण्याची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. छातीत दुखणे, भोवळ किंवा नेहमीपेक्षा अधिक धाप लागल्यास तत्काळ थांबावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी. पायांत घट्ट बसणारे बूट असावेत. ओल्या फरशीवर धावू नये.

घरातील इतरांनाही एक विनंती. सुश्रूषा करणाऱ्याला ‘स्वतःची काळजी घ्या’ असे नुसते सांगू नका. रोज ठरलेल्या वेळी अर्धा तास येऊन रुग्णाजवळ बसा. आणि सुश्रूषा करणाऱ्या वाचकहो, कोणी असे म्हणाले तर संकोच करू नका. बूट चढवा आणि बाहेर पडा. आपले पाय धडधाकट राहणे हा आपल्या माणसाच्या उपचाराचाच भाग आहे.