चौथा ठिपका

उमरेडहून एसटीनं नागपूरला पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीला आलेल्या बाईला पडद्यावर बाळाचं नाक बघायचं असतं. डॉक्टरांची नजर मात्र छातीतल्या तीन ठिपक्यांवर. बाळाच्या डावीकडून फुफ्फुस धमनी, महाधमनी, ऊर्ध्व महाशीर. मोठा, मध्यम, लहान, अगदी गाडग्यांची उतरंड. शीर जेमतेम २-३ मिलिमीटरची.

कधी फुफ्फुस धमनीच्याही डावीकडे चौथा ठिपका दिसतो. गर्भात सुरुवातीला डोक्याकडून रक्त आणणाऱ्या शिरा दोन असतात, डावी आणि उजवी. आठव्या आठवड्याच्या सुमारास दोघींमध्ये आडवा पाट फुटतो, डावीचं रक्त उजवीकडे वळतं आणि डावी उन्हाळ्यातल्या नाल्यासारखी आटते. हजारात ३ ते ५ जणांत ती आटतच नाही; चौथा ठिपका तो हाच. तरी बहुधा हृदयामागून वळसा घालून तिचं रक्त उजव्या कप्प्यातच पोचतं, म्हणजे बिघडत काहीच नाही. मग शोधायची कशाला? सोबत हृदयात दुसरा दोष असू शकतो, म्हणून. त्यासाठीच फीटल इको, म्हणजे गर्भातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगतात.

एकटीच असेल तर ती जन्मभर गप्प राहते. फार तर साठीत पेसमेकर बसवताना, डाव्या खांद्याखालून सरकवलेली तार भलत्याच वाटेनं उतरू लागते, तेव्हा सापडते.