गोणीवरचं नत्र

जून १९८२. अलिबाग तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात माझा शिकवण्याचा पहिला आठवडा चालू होता. अकरावी सायन्सच्या वर्गात मी फळ्यावर ‘नायट्रोजन’ लिहिलं आणि तिसऱ्या बाकावरच्या मुलानं हात वर केला. ‘मॅडम, हे म्हणजे गोणीवरचं नत्र का?’ त्याच्या वडिलांची खाडीकाठी भाताची खाचरं होती. खताच्या गोणीवर छापलेलं नत्र, स्फुरद, पालाश तो लहानपणापासून वाचत आला होता. मी हो म्हटलं. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे उजळलं, ते मी पुढची तेहतीस वर्षं वर्गावर्गांत शोधत राहिले. कधी सापडलं, पुष्कळदा नाही.

मी स्वतः जुन्या अकरावी मॅट्रिकची, मग इंटर सायन्स केलेली. दहा अधिक दोनचा आकृतिबंध आपल्याकडे आला तो त्यानंतर. नव्या दहावीची पहिली तुकडी १९७५ मध्ये बाहेर पडली आणि बारावीची १९७७ मध्ये. म्हणजे मी शिकवायला उभी राहिले तेव्हा बारावी ही परीक्षा पाचच वर्षांची होती. गावात तिची भीती मात्र पिढीजात असल्यासारखी होती. रेवदंडा, बोडणी, वरसोली, नवगावकडून एसटीनं येणाऱ्या मुलांच्या घरात तोवर कुणी सायन्सला गेलेलं नसायचं.

त्यांची पहिली झुंज विषयाशी नव्हतीच. दहावीपर्यंत मूलद्रव्य, संयुजा, द्रावण, क्षपण, सामू या शब्दांवर वाढलेल्या मुलांना एका उन्हाळी सुट्टीनंतर एलिमेंट, व्हॅलन्सी, सोल्यूशन, रिडक्शन, पीएच असं सगळं नव्यानं घोकावं लागे. पहिल्या सहामाहीत जे नापास होत, त्यांतल्या बहुतेकांना रसायन कळत होतं, इंग्रजी कळत नव्हतं. उत्प्रेरक म्हणजे काय हे नेमकं सांगणारी मुलगी ‘कॅटॅलिस्ट’ शब्द आला की गप्प बसायची. मी दर धड्याच्या आधी फळ्याच्या कडेला शब्दांच्या जोड्या लिहायला लागले. द्राव्य आणि सोल्यूट, अवक्षेप आणि प्रेसिपिटेट, दर्शक आणि इंडिकेटर. अभ्यासक्रमात त्याला वेळ दिलेला नव्हता. माझ्या मते बारावी सायन्सला गेलेल्या मराठी मुलांचं सर्वांत मोठं नुकसान या एका सुट्टीनं केलं आहे. पुढे सेमी इंग्रजी आलं, तेव्हा शब्द लवकर कानांवर पडायला लागले, पण घरचे शब्द त्याहून लवकर गळून गेले. ‘नत्र’ विचारणारा मुलगा पुन्हा भेटला नाही.

प्रयोगशाळा मात्र सगळ्यांना आवडायची. सॉल्ट ॲनॅलिसिसच्या दिवशी किप्सच्या उपकरणातून निघणारा सडक्या अंड्यांचा वास व्हरांडाभर पसरायचा. निळसर कॉपरच्या द्रावणात अमोनिया थेंबथेंब घातला की आधी फिकट अवक्षेप येतो आणि आणखी घातला की तो विरघळून गर्द निळा रंग उमलतो. तो निळा पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलांचे उद्गार अजून माझ्या कानांत आहेत. परमँगनेटच्या टायट्रेशनला वेगळा दर्शक लागत नाही. शेवटचा थेंब स्वतःच गुलाबी राहून सांगतो, झालं. पिपेट तोंडानं ओढायची पद्धत होती तेव्हा. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो.

१९८४ चं वर्ष या किनाऱ्यावर रसायनशास्त्र शिकणाऱ्यांना विसरता येणार नाही. थळला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा प्रकल्प उभा राहत होता. मुंबई हायचा वायू उरणमार्गे येणार, त्यातून हायड्रोजन, हवेतून नायट्रोजन, आणि दोन संयंत्रांत मिळून रोज २७०० टन अमोनिया. त्या अमोनियापासून रोज ४५०० टन युरिया. आमच्या पुस्तकात ‘रासायनिक समतोल’ या धड्यात हेच सगळं अर्ध्या पानात होतं. हेबरची प्रक्रिया, ल शातेलिएचं तत्त्व, लोखंडाचा उत्प्रेरक. मुलं ते अर्धं पान पाठ करत आणि कॉलेज सुटलं की बांधकामाचे मनोरे बघत घरी जात. या दोन गोष्टी एकच आहेत हे पुस्तक त्यांना सांगत नव्हतं.

समतोल शिकवताना मी रेवसची लाँच वापरायची. भाऊच्या धक्क्यावरून लाँच आली, जितके उतरले तितकेच चढले, तर धक्क्यावरची गर्दी तेवढीच दिसते. पण माणसं तीच नसतात. समतोलात प्रक्रिया थांबलेली नसते, दोन्ही दिशांनी सारख्याच वेगानं चालू असते. आता लाँच अशी हाकायची की अमोनियाच्या बाजूला गर्दी वाढावी. दाब वाढवा, कारण चार रेणूंचे दोन होतात. तापमान उतरवा, कारण प्रक्रियेत उष्णता बाहेर पडते. पण तापमान फार उतरवलं की सगळंच मंदावतं, म्हणून चारशे-साडेचारशे अंशांवर तडजोड. एका फेरीत थोडाच अमोनिया बनतो, तो थंड करून काढून घ्यायचा आणि उरलेला वायू पुन्हा आत सोडायचा. १९०९ मध्ये हेबरनं हे टेबलावर करून दाखवलं, १९१३ मध्ये बॉशनं ओप्पाऊला कारखान्यात. हेबरनंच १९१५ मध्ये ईप्रच्या रणभूमीवर क्लोरीन सोडण्याची आखणी केली, हेही मी सांगायची. पोर्शनमध्ये नव्हतं तरी सांगायची.

आणि १९८४ च्याच डिसेंबरात भोपाळ झालं. दोन आणि तीन तारखेच्या मधली ती रात्र. पुढच्या आठवड्यात मला एकही धडा शिकवता आला नाही. मुलं एकच विचारत होती, आपल्याकडे असं होईल का? मग आम्ही त्यावरच बोललो: भोपाळला सुटलेलं मिथाइल आयसोसायनेट काय असतं, पाण्याशी त्याची गाठ पडली की उष्णता का वाढत जाते, अमोनिया त्याच्यापेक्षा वेगळा कसा, पण तोही किती घातक, वायू सुटला तर वाऱ्याला आडवं का पळायचं, ओला रुमाल तोंडावर का धरायचा. अमोनिया पाण्यात भरपूर विरघळतो हे वाक्य त्या आठवड्यात पहिल्यांदा कुणीतरी लक्ष देऊन वहीत उतरवलं. सहा वर्षांनी, नोव्हेंबर १९९० मध्ये, नागोठण्याच्या गॅस क्रॅकर संकुलात वायुगळती होऊन स्फोट झाला आणि माणसं गेली. तेव्हा वर्गात कुणी प्रश्न विचारला नाही. दोघातिघांच्या घरचे तिकडे कामाला होते.

नव्वदचं दशक नोकऱ्यांचं. रोहा, महाड, पाताळगंगा, नागोठणे. रसायनी तर गावाचं नावच रसायनावरून पडलेलं. हिंदुस्तान ऑरगॅनिकचा नायट्रोबेंझीन आणि ॲनिलीन बनवणारा कारखाना तिथे होता. बारावी झालेली मुलं आयटीआयला एओसीपी, म्हणजे अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांटचा कोर्स, करून ऑपरेटर होऊ लागली, काही बी.एस्सी. करून लॅबमध्ये केमिस्ट. पॉलिमरचा धडा कंटाळवाणा म्हणून सोडून देणारा एक विद्यार्थी तीन वर्षांनी भेटला तो पॉलिथिनच्या दाण्यांची पुडी घेऊन. इथिलीनचे हजारो रेणू हातात हात घालून उभे राहिले की काय होतं, ते त्यानंच माझ्या वर्गाला तासभर समजावलं. मी मागच्या बाकावर बसून ऐकलं.

पण पुस्तक या किनाऱ्यावरचं कधीच झालं नाही. पेण-उरणची मिठागरं घ्या. समुद्राचं पाणी एका कोंड्यातून दुसऱ्यात आटत जातं, आधी चुनखडी, मग जिप्सम खाली बसतं, मग मीठ धरतं आणि शेवटी मॅग्नेशियमचं कडवट पाणी उरतं. त्यातलंच थोडं मॅग्नेशियम क्लोराइड खडेमिठाला चिकटून राहतं, म्हणून पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं. विद्राव्यतेचा धडा याहून चांगला कुठे मिळणार? किंवा अलिबागची १९०४ सालची चुंबकीय वेधशाळा, जिच्या बांधकामात लोखंड येऊ नये म्हणून पोरबंदरचा दगड आणला. संक्रमण मूलद्रव्यांच्या चुंबकत्वाचा धडा शिकवताना मी मुलांना तिथे नेऊन कुंपणाबाहेरून ती इमारत दाखवायची. शिंपल्यांच्या भट्टीतला कळीचा चुना, होडीच्या पंख्याजवळ बसवलेला आणि स्वतः झिजून पोलाद वाचवणारा जस्ताचा तुकडा, आगळात सोडा पडला की बदलणारा कोकमाचा रंग. हे सगळं दाराशी होतं. कुणा शिक्षकाला सुचलं तर वर्गात आलं, नाहीतर दाराशीच राहिलं.

मग प्रवेश परीक्षा आल्या. सीईटी, पुढे नीट. रसायनशास्त्र चार पर्यायांत मावायला लागलं. क्लासला जाणारी मुलं कॉलेजात नावापुरती उरली. प्रॅक्टिकलचे तीस गुण हातचे धरून जर्नल एकमेकांचं बघून पूर्ण व्हायचं. ब्युरेटचं रीडिंग न घेता तीनदा तेच उत्तर लिहिलेलं मी पाहिलं आहे आणि गुणही दिले आहेत. ते द्यायला नको होते, असं आज वाटतं. मुलं मेहनती होती, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण उत्तर हुकण्याचा, अवक्षेप न येण्याचा, पुन्हा पहिल्यापासून करून बघण्याचा अनुभव त्यांच्या वाट्याला आला नाही, आणि रसायनशास्त्र तिथेच कळतं. २०१७ पासून नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. दोन वर्षं इंग्रजीत शिकलेल्या मुलीला त्या दिवशी मराठी पर्यायाचा काय उपयोग होणार?

मी निवृत्त झाले २०१५ मध्ये. पुस्तकं पुन्हा बदलली. अकरावीचं २०१९ ला, बारावीचं २०२० ला. बारावीच्या शेवटी हरित रसायनशास्त्राचा धडा आला. कचरा झाल्यावर साफ करण्यापेक्षा तो होऊच देऊ नये, हे त्यातलं पहिलं तत्त्व. कारखान्यांचं सांडपाणी झेलणाऱ्या सावित्री आणि कुंडलिका नद्यांच्या काठावर राहणाऱ्यांसाठी हा धडा पहिला असायला हवा होता. शेवटचा म्हणून तो नेहमी घाईत उरकला जातो. आणि ज्या वर्षी ते पुस्तक आलं, त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं, टाळेबंदी होतीच, आणि २०२१ ची बारावीची परीक्षा रद्द झाली. त्या तुकडीतल्या कित्येकांनी ब्युरेट फक्त मोबाइलच्या पडद्यावर पाहिली.

एक धडा मात्र मी राखून ठेवला आहे. अमाइन्सचा. पुस्तकात ओळ होती, खालच्या अमाइन्सना मासळीसारखा वास येतो. ती वाचली की वर्गात खसखस पिकायची आणि कोळीवाड्यातल्या मुली खाली बघायच्या. एसटीत त्यांच्या शेजारी बसायला मुलं का कांकू करत, ते मला माहीत होतं. पहिल्या वर्षी मी ती ओळ वाचून पुढे गेले. त्याची लाज मला अजून वाटते. दुसऱ्या वर्षी मी मासळी वर्गात नेली. ट्रायमिथाइल अमाइन हा आम्लारी आहे, त्याला आम्ल मिळालं की क्षार बनतो, आणि क्षार हवेत उडत नाही, म्हणून वास मरतो. लिंबू पिळलं, आगळ लावलं, चिंचेचा कोळ चोळला, वास जातो. तुमच्या आज्या हे आम्ल-आम्लारी उदासीनीकरण रोज करतात, असं मी म्हटलं तेव्हा खाली बघणाऱ्या मुलींनी माना वर केल्या.

गेल्या वर्षी कॉलेजनं एका दिवसासाठी बोलावलं. मी तोच धडा घेतला. शेवटी थळच्या कोळीवाड्यातली एक मुलगी उठली. ‘मॅडम, तळ्यातल्या माशाला असा वास का येत नाही? आणि मोरी शिळी झाली की तिला वेगळाच वास का येतो? या बाटलीसारखा?’ तिनं अमोनियाच्या बाटलीकडे बोट दाखवलं. मोरी म्हणजे शार्क मासा.

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन दोन दिवस वाचलं. खाऱ्या पाण्यात माशाच्या अंगातलं पाणी बाहेर खेचलं जातं. परासरण, द्रावणांचा धडा. ते टिकवायला समुद्रातले मासे अंगात ट्रायमिथाइल अमाइनचं ऑक्साइड बाळगतात. मासा मेला की जिवाणू त्याचं अमाइन करतात. तळ्यातल्या माशाला ती गरज जवळजवळ नसते. मोरी मात्र मुख्यतः दुसऱ्याच पदार्थावर भिस्त ठेवते. तिच्या रक्तात, मांसात युरिया भरलेला असतो. ती मेली की जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात. रसायनशास्त्रज्ञ वलरनं १८२८ मध्ये प्रयोगशाळेत बनवला तो युरिया, थळच्या गोण्यांत भरला जातो तो युरिया.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, ‘म्हणजे मोरीतपण नत्र?’