जुना तरणतलाव रंगवताना

जुन्या स्विमिंग पूलचे पोपडे निघायला लागले की वाटतं, पाणी सोडून द्यावं, घासावं आणि निळा रंग मारावा. थोडंफार गवंडीकाम आणि रंगकाम जमत असेल तर सिमेंटच्या तरणतलावाचं बरंचसं काम स्वतः करता येतं. मात्र मोठा धोका रंगात नसून तलाव रिकामा करण्यात आहे.

१० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात ७५ हजार लिटर, म्हणजे ७५ टन पाणी असतं. हे वजन तलावाला जमिनीत दाबून धरतं. ते काढलं आणि भोवतालच्या जमिनीतलं पाणी वर आलेलं असलं, तर ते रिकाम्या तलावाला होडीसारखं वर ढकलतं. तळाला तडे जातात, कधी अख्खा तलावच उचलला जातो. गोव्यात किंवा कोकणात पावसाळ्यात विहिरी कशा भरतात ते आपण दरवर्षी बघतो. म्हणून आधी शेजारच्या विहिरीत डोकावा. तिच्यातलं पाणी तलावाच्या तळापेक्षा बरंच खाली असेल तरच उपसा सुरू करा. फेब्रुवारीत काम काढलं तर वाळायला ऊन मिळतं आणि जूनच्या आत तलाव पुन्हा भरलेला असतो.

उपसण्यापूर्वी गळती तपासा. बादलीत तलावाचं पाणी घेऊन ती पायरीवर अशी ठेवा, की आतली आणि बाहेरची पातळी सारखी राहील. दोन्हीकडे खूण करा. २४ तासांनी दोन्ही पातळ्या सारख्याच उतरल्या तर ते निव्वळ बाष्पीभवन. तलावाची जास्त उतरली तर समजा, कुठेतरी गळतंय.

तलाव रिकामा झाला की हातोडीने हळूहळू ठोकत जा. पोकळ आवाज आला तिथलं प्लास्टर सुटलेलं आहे. ते काढून नवं करा. नुसती भेग वरून लिंपू नका. ती छिन्नीने रुंद करा, धूळ झाडा आणि मग जलरोधक सिमेंट मसाला दाबून भरा. नव्या प्लास्टरवर पाणी मारत राहा आणि रंगापूर्वी २८ दिवस जाऊ द्या.

आता जुना रंग ओळखायचा. फडकं स्पिरिटमध्ये भिजवून घासा. रंग सुटला तर तो ॲक्रिलिक. सुटला नाही तर झायलीनने घासा. आता विरघळला तर क्लोरिनेटेड रबर. दोन्हींना दाद दिली नाही तर बहुधा इपॉक्सी. जुन्यावर त्याच जातीचा रंग द्या, नाहीतर सगळा खरवडून काढा. भलत्याच रंगावर दिलेला रंग लवकरच सोलून निघतो.

उघड्या सिमेंटला रंग धरावा म्हणून पातळ ॲसिडने धुतात. आधी पाणी घ्या, मग त्यात ॲसिड ओता. उलटं कधीही करू नका. ब्लीचिंग पावडर आसपासही नको, ॲसिडशी मिसळली की विषारी क्लोरीन वायू सुटतो. नंतर धुण्याच्या सोड्याचं पाणी फिरवा आणि स्वच्छ धुवा. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खोल टोकाला साचते. त्यामुळे तिथे एकट्याने उतरू नका, वर कुणीतरी उभं हवंच. काम थांबलं की रिकाम्या तलावाभोवती कुंपण घाला.

भिंत हाताला कोरडी लागली म्हणजे वाळली असं नाही. दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवा. खाली थेंब दिसले तर अजून थांबा.

रंगाचा हिशेब सोपा आहे. वरच्या मापाच्या तलावाचा तळ ५० आणि भिंती ४५, असे ९५ चौरस मीटर होतात. दोन हातांना १९०. एका लिटरात किती भागतं ते डब्यावर लिहिलेलं असतं, पाणी किती दिवसांनी भरायचं तेही. पायऱ्यांवरच्या रंगात बारीक वाळू मिसळा, पाय घसरत नाहीत.

रंग पांढरा किंवा फिकट निळाच घ्या. गडद तळ दिसायला छान दिसतो, पण बुडालेलं मूल त्यावर वरून दिसत नाही. आणि काठावरचे खोलीचे आकडे नव्याने, ठळक काढायला विसरू नका.